सारस जवळ दिसला, पण पिसं दिसली नाहीत

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावाजवळच्या एका बांधीत (धानाच्या शेतात) सारसाच्या जोडीनं घरटं केलं. गोंदिया जिल्ह्यात सारस आता मोजकेच उरले, म्हणून कळल्या कळल्या मी कॅमेरा घेऊन गेलो, तर ज्यांची बांधी ते काका म्हणाले, "त्या धुऱ्याच्या पलीकडं नको जाजो बाबू, अंडे आहेत." बरोबरच होतं त्यांचं. मग मी महिनाभर रोज सकाळी दोनेकशे मीटरवरच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, धान भरलेल्या पिशवीवर कॅमेरा टेकवून बसायचो.

कॅमेरा माझा ब्रिज, म्हणजे लेन्स न बदलता येणारा, 60 पट झूमवाला. मागच्या स्क्रीनवर पाहिलं की वाटते सारस अंगणातच उभा आहे, लाल मान, चोचीतलं गवत, सगळं. दोन पिल्लं निघाली तेव्हा तर माझे हातच थरथरत होते. त्यातला सगळ्यात आवडता फोटो गोंदियाला जाऊन 12 बाय 18 इंचांमध्ये प्रिंट केला आणि घरी आणून उजेडात धरला तर पाठीवरची पिसं कुठंच नाहीत, नुसतं राखाडी मेण फासल्यासारखं. त्या दिवशी खूप वाईट वाटलं.

काहून असं झालं ते मग मी नीट वाचलं. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, असतो साधारण 6 बाय साडेचार मिलीमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा, आणि मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांचा 36 बाय 24, क्षेत्रफळात तीसेक पट मोठा. सेन्सर बारका म्हणूनच एवढा झूम हातात मावतो. निकॉनचा पी1000 हा असाच ब्रिज कॅमेरा आला 2018 मध्ये, त्याचा झूम फुल फ्रेमच्या हिशोबानं 24-3000 एमएम म्हणतात पण टोकाला लेन्सची खरी फोकल लांबी 539 एमएम, बाकीचं सेन्सरच्या बारकेपणातून येते. आणि त्याचीच किंमत उजेडात मोजावी लागते. झूमच्या टोकाला लेन्सचं तोंड एफ 6.5, एफ 8 पर्यंत बारीक होते (एफचा आकडा मोठा तितकं तोंड बारीक), त्यात आमच्याकडं श्रावणातलं आभाळ आणि सकाळचे सहा, मग आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायची पातळी, 800-1600 वर जाते, फोटोत दाणे येतात, ते दाणे पुसताना कॅमेरा पिसंही पुसून टाकते. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर थांबवते, पक्ष्यानं मान हलवली तर ते काय करणार?

आणि उन्हाळ्याचं तर विचारूच नका. मे महिन्यात दहा वाजता आटलेल्या बोडीवरून (लहान तळ्यावरून) बगळ्याचा फोटो घेतला तर जमिनीवरची तापलेली हवा अशी लहरते की बगळा पाण्यात बुडवल्यासारखा दिसते, तिथं तर लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. उडत्या पक्ष्याचं माझं अजून जमलंच नाही, पूर्ण झूमवर तो फ्रेममध्ये सापडेपर्यंत गावाबाहेर जाते.

पक्षी ओळखायला, नोंद ठेवायला, चंद्र पाहायला हा कॅमेरा मला फार प्रिय आहे आणि विकणार नाही. पण कोणी मोठ्या प्रिंटसाठी घेत असेल तर त्यानं आधी संध्याकाळी टोकाच्या झूमवर फोटो काढून, शंभर टक्के मोठा करून पाहावा, मगच पैसे द्यावे.

जवळ जाऊन पिसं मिळाली असती, पण काकांचा धुरा ओलांडायचा नाही. यंदा परत घरटं झालं तर सहाऐवजी आठला जाणार, ऊन पाठीमागं घेऊन, झूम अर्ध्यावर ठेवून. मागच्या वर्षीचा तोच फोटो 5 बाय 7 मध्ये काढून काकांना दिला, तेवढ्यात तो चांगला दिसते. त्यांनी तो धानाच्या कोठीवर लावला आहे.