ओंटारिओतली पैज: कायदेशीर, पण कोणाकडे लावलेली?

टोरंटोत हॉकीचा सामना पाहायला बसले की मध्यंतरात एखाद्या बेटिंग ॲपची जाहिरात येतेच. पुण्याहून शिकायला आलेल्या माझ्या भाच्याने ती पाहून विचारले, "मामा, इथे सट्टा असा उघड चालतो?" चालतो, असे मी म्हणालो खरा, पण ते उत्तर अर्धवट होते.

कॅनडाच्या फौजदारी संहितेनुसार पैजा घेण्याचा धंदा हा आजही गुन्हा आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यांतला एक कलम 204 मध्ये आहे: बेटिंगच्या धंद्याशी कसलाही संबंध नसलेल्या व्यक्तींनी आपसांत लावलेली पैज गुन्हा ठरत नाही. दुसरा, कलम 207 मधला, प्रांतांसाठी आहे. प्रांत सरकार स्वतः चालवील आणि ज्याचे व्यवस्थापन स्वतःच पाहील, असा जुगार कायदेशीर असतो. गंमत अशी, की 2021 पर्यंत या दुसऱ्या अपवादात एकाच सामन्यावरची पैज बसत नव्हती. मी आणि माझ्या शेजाऱ्याने मेपल लीफ्स या टोरंटोच्या हॉकी संघाच्या एका सामन्यावर वीस डॉलर लावले तर चालत असे. तीच पैज टोरंटो ज्यात येते त्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारने घेतली तर मात्र तो गुन्हा! त्यामुळे 'प्रो-लाइन' या सरकारी पैजेच्या तिकिटावर एकापेक्षा अधिक सामन्यांचे निकाल सांगावे लागत आणि त्यांतला एक चुकला की पैसे बुडत. साहजिकच पुष्कळ गिऱ्हाईक परदेशी संकेतस्थळांकडे वळले.

ही मनाई उठवणारे विधेयक सस्कॅचेवनचे खासदार केव्हिन वॉ यांनी अशासकीय विधेयक म्हणून मांडले होते, आणि 27 ऑगस्ट 2021 पासून तो कायदा लागू झाला. पुढे 4 एप्रिल 2022 रोजी ओंटारिओने खासगी कंपन्यांनाही ऑनलाइन दार उघडले. कलम 207 मात्र जुगार प्रांतानेच चालवावा असे म्हणते. तेव्हा यावर काढलेली तोड अशी, की 'आयगेमिंग ओंटारिओ' ही सरकारी संस्था कंपन्यांशी करार करते आणि कंपनी तिच्या वतीने पैज घेते. कागदोपत्री तुमची पैज सरकारकडेच असते, जरी ॲपवर नाव कंपनीचे दिसत असले आणि मिळकतीचा मोठा वाटा तिच्याकडे जात असला तरी. खरा कारभार कंपन्याच करतात, हा कानावागे येथील मोहॉक या मूळनिवासी समाजाच्या परिषदेचा आक्षेप ओंटारिओच्या न्यायालयाने मे 2024 मध्ये फेटाळला. मला तो अगदीच बिनवजनाचा वाटत नाही.

बाकीचे नियम सरळ आहेत. वय किमान 19 हवे, आणि पैज लावताना तुम्ही प्रत्यक्ष ओंटारिओच्या हद्दीत असायला हवे. शेजारच्या क्विबेक प्रांतात, मॉन्ट्रियलला गेलात की ॲप नकार देते. 28 फेब्रुवारी 2024 पासून जाहिरातींत खेळाडूंना आणण्यावरही बंदी आहे. जबाबदारीने खेळा, असे सांगण्यापुरतेच ते दिसू शकतात.

हे सारे ऐकल्यावर भाच्याने मूळ प्रश्न बाहेर काढला. त्याच्या ओळखीचा एक मुलगा व्हॉट्सॲपवर आयपीएलच्या पैजा गोळा करतो आणि प्रत्येक पैजेमागे स्वतःचे कमिशन कापतो. सगळे मित्रच असल्यामुळे ते चालत असावे, असा याचा समज होता. कमिशन घेतले की तो धंदा झाला, कलम 204 मधली सूट तिथे संपली, आणि अशा बुकीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी त्याला सांगितले. त्याने तिथल्या तिथे तो गट सोडला.