तुम्ही विचारलंत म्हणून: सात लिफ्टच्या गावाबद्दल

"इतकी वर्षं स्की करताय, अर्धा आल्प्स पालथा घातलात, आणि मुलांना घेऊन दर हिवाळ्यात त्या सात लिफ्टच्या गावातच का जाता?" हा प्रश्न आता मला पाठ झालाय. (लिफ्ट म्हणजे स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणारी यंत्रं.) विचारणारे बदलतात, सूर तोच. कुणी काळजीने विचारतं, कुणी कीव केल्यासारखं. एक-दोघांना तर उत्तर नकोच असतं, आपण नुकतेच वाल तोरांसला, फ्रान्समधल्या त्या बड्या रिसॉर्टला, जाऊन आलो एवढंच सांगायचं असतं. आजवर "मुलांना बरं पडतं" म्हणून मी सुटत आले. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

आधी मी रिसॉर्ट कसं निवडायचे ते सांगते, म्हणजे मला यातलं काही कळत नाही असा समज होणार नाही. माझ्याकडे एक्सेलचा तक्ता होता. गावाची उंची, शिखराची उंची, किती किलोमीटर उतार, किती लिफ्ट, त्यात चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्च्यांच्या, किती आणि ओढत नेणाऱ्या किती. तर्क भक्कम होता. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खालच्या गावात पाऊस असतो तेव्हा वरच्या गावात बर्फ पडत असतो. वाल तोरांस 2,300 मीटरवर वसलंय, तीन्य 2,100 वर. सुट्टी सहा महिने आधी ठरवायची आणि आभाळाच्या भरवशावर राहायचं नाही, तर उंचीच बघायची. यात चूक काय? आजही मला यात चूक दिसत नाही. पंचाईत तीच आहे.

किलोमीटरच्या रकान्याबद्दल मात्र मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. त्र्वा वाले, म्हणजे 'तीन दऱ्या' नावाच्या जोडलेल्या फ्रेंच स्की-क्षेत्राचे 600 किलोमीटर ऐकून मी हरखून गेले होते. 2013 च्या सुमाराला ख्रिस्टोफ श्राहे नावाच्या जर्मन सल्लागाराने कितीतरी रिसॉर्टचे उतार स्वतः मोजले, तेव्हा बऱ्याच ठिकाणचे आकडे फुगवलेले निघाले. काहींनी तर स्की करणारा वळणं घेत जातो म्हणून तेवढी लांबीही धरली होती! पण आकडा खरा असला तरी पहिल्यांदाच स्की शिकणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? ते सहा दिवस सरकत्या पट्ट्यावरून वर जातं आणि दीडशे मीटर खाली येतं. त्याचं सगळं रिसॉर्ट तेवढंच. ती जागा सावलीत आहे की उन्हात, तिच्या मधूनच मोठी माणसं भरधाव जातात की तिला कुंपण आहे, आणि राहत्या जागेपासून तिथवर जायला किती पावलं पडतात, हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. पावलांचं मी गमतीने म्हणत नाही. पायात ते ताठ बूट, एका खांद्यावर स्वतःच्या स्की, दुसऱ्यावर मुलाच्या, आणि हाताला लोंबकळणारं मूल. तीनशे मीटर म्हणजे काय असतं ते तेव्हा कळतं.

उंचीच्या रकान्यातही एक मेख आहे. जाहिरातीत उंची छापतात ती शिखराची. शिकाऊ मुलांचा उतार बहुतेक वेळा गावाच्या पायथ्याशी असतो. म्हणून 3,000 मीटरच्या रिसॉर्टला जाऊनही तुमचं मूल चिखलात उभं राहू शकतं. कृत्रिम बर्फाच्या तोफा असतात ना, असं लोक म्हणतात. असतात, पण पारा शून्याच्या दोनेक अंश खाली गेल्याशिवाय आणि हवा कोरडी असल्याशिवाय त्यांचं फारसं काही चालत नाही.

त्या वर्षी सासूबाई आमच्याबरोबर होत्या. मुलगा सात वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. मी निवडलेलं रिसॉर्ट फ्रेंच आल्प्समधलं, खूप उंचावरचं, साठ-सत्तरच्या दशकांत मुद्दाम स्कीसाठीच उभारलेल्यांपैकी एक. दारातून बाहेर पडलं की थेट बर्फ. असल्या ठिकाणांची मला अजूनही आवड आहे. फ्लेन हे रिसॉर्ट मार्सेल ब्रॉयर या नामवंत वास्तुशिल्पज्ञाने आखलं, लेझ आर्क या दुसऱ्या रिसॉर्टच्या इमारतींत डिझायनर शार्लोत पेरियाँचा हात होता. थोरामोठ्यांनी डोंगरात काँक्रीट ओतलं, पण विचार करून ओतलं. सासूबाईंना या विचाराशी काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "इथे एक झाड नाही गं. मी दिवसभर बघू कशाकडे?" मी म्हटलं, "आई, बर्फ आहे ना." त्या गप्प बसल्या. स्की न करणाऱ्या माणसाला तिथे चालायला एक धड वाट नव्हती. मला ते दिसत होतं, आणि मी दुर्लक्ष केलं.

पण झाड नसणं ही फक्त सासूबाईंची तक्रार नव्हती, हे दोन दिवसांनी कळलं.

चौथा दिवस. मुलाची स्कीची शाळा दुपारी बारापर्यंत. हिरव्या, म्हणजे सगळ्यांत सोप्या उतारांवरून तो त्यापुढच्या निळ्यावर आला होता आणि शिक्षिकेने त्याला शाबासकी दिली होती. मला घाई झाली होती. मोठ्या क्षेत्राचा पास काढला होता आणि पलीकडची दरी अजून पाहिली नव्हती. नवरा म्हणाला, "ढग येताहेत, राहू दे आज." मी म्हटलं, "तासाभरात परत." आम्ही दोघं चेअरलिफ्टने धारेवर गेलो आणि पलीकडे निळ्या उताराने खाली उतरलो. फार सुरेख उतरला तो. अर्धा तास आम्ही दोघंही खुशीत होतो.

परत वर नेणारी चेअरलिफ्ट वाऱ्यामुळे बंद झाली. अशा जोडलेल्या क्षेत्रांत हे नेहमीचं असतं, एक धार बंद झाली की दोन दऱ्या वेगळ्या. बसने जायचं तर दरीच्या तळाशी उतरून वळसा घालून पुन्हा वर, म्हणजे कित्येक तास. दुसरी एक लिफ्ट चालू होती. ती आडोशाच्या बाजूने वर जायची, पण तिथून आमच्या बाजूला उतरणारा उतार लाल होता. निळ्यापेक्षा एक पायरी अवघड, ती पायरी मुलाने कधी चढली नव्हती. लिफ्टवरच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. विचारलं, "हा लाल उतार करतो का?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. या एका शब्दासाठी मी हा सगळा लेख लिहितेय.

वर पोहोचलो तर ढगात. झाडांची रेषा कधीच खाली राहिली होती. जिथे झाडं असतात तिथे कितीही धुकं असलं तरी काहीतरी काळं दिसतं, आणि वर-खाली कुठे ते डोळ्यांना समजतं. वर नुसता बर्फ आणि नुसता ढग. सावली नाही, कड नाही, उंचवटा दिसत नाही, खळगा दिसत नाही. स्की करणारे याला व्हाइटआउट म्हणतात, आणि मी हा शब्द मोठ्या फुशारकीने वापरायचे. पंधरा-वीस फूट गेलो असू. मुलगा म्हणाला, "आई, आपण थांबलोय का चाललोय?" मी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मलाही सांगता येईना. मग त्याला उलटी झाली. डोळ्यांना आधार नसला की पोटात ढवळतं, बोट लागल्यासारखं, हे मला वाचून माहीत होतं. वाचलेलं त्या क्षणी कामाला आलं नाही.

तो बसला आणि उठेना. रडला असता तर बरं झालं असतं. नुसता बसून राहिला. त्याचा एक हातमोजा गेला, मी माझा दिला, तो त्याच्या हातात बसेना. मी त्याच्यावर ओरडले. हे कुणाला सांगितलेलं नाही. "उठ, काय लावलंय" असं ओरडले, आणि वाऱ्यात ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

वाचवलं ते खांबांनी. फ्रान्समध्ये उताराच्या कडेला खांब असतात, त्यांवर उताराच्या रंगाच्या चकत्या, आणि चकतीवर आकडा. आकडे वरून खाली कमी होत जातात, एक आला की उतार संपला. आमच्यासमोर एक खांब होता, सतरा. मी त्याला म्हटलं, आपण फक्त सोळा शोधायचा. मी आडवी घसरत जरा खाली जायचे, तो अंधुक होण्याआधी थांबायचे, हाक मारायचे, तो हाकेच्या दिशेने घसरत यायचा. सोळा सापडला. पंधराला फार वेळ लागला. बारापासून तोच आकडा ओरडून सांगायला लागला. सहा नंबरच्या खांबाशी गस्तीवाले भेटले. दिवस संपताना उतार रिकामे झाले का हे बघायला ते वरून शेवटची फेरी मारतात. तोवर चार वाजून गेले होते. आठ-दहा मिनिटांच्या उताराला आम्हाला दीड तासावर लागला होता. त्यांतल्या एकाने मुलाला आपल्या दोन पायांच्या मधे घेतलं आणि तसंच खाली आणलं. मला रागावला नाही. खाली आल्यावर एवढंच म्हणाला, "हवा वाईट असली की झाडांत राहायचं."

म्हणून ते सात लिफ्टचं गाव. तिथे देवदार वर्गातली झाडं जवळपास शेवटच्या लिफ्टपर्यंत आहेत. एकच दरी आहे. आणि कुठल्याही लिफ्टने वर जा, कुठलाही उतार धरा, तुम्ही त्याच एका चौकात येता. मूल वर्गातून सुटलं, चुकलं, कुणाच्या मागे भलतीकडे गेलं, तरी ते त्याच चौकात येणार. सासूबाईंना बाक आहे, झाडांमधून चालायला वाट आहे. माझा तक्ता मी टाकून दिला नाही, पण आता त्यात पहिला रकाना हाच असतो: सगळे उतार कुठे संपतात?

आता मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. तेव्हाची मी पण तेच म्हणते, आणि ती माझ्यापेक्षा चांगला वाद घालते. ती म्हणते, ते गाव जेमतेम अकराशे मीटरवर. बरोबर. गेल्या आठ हिवाळ्यांतल्या दोन सुट्ट्या आम्ही तिथे पावसात काढल्या. शिकाऊ उतारावर हिरवळ होती आणि मधे पांढरा पट्टा, कुणी चादर वाळत घातल्यासारखा. मुलीची शाळा तीन दिवस बसने दुसरीकडे नेली. हिवाळे असेच राहिले तर अशा गावांचं काय होणार, हे मला दिसतं. ती म्हणते, उंचावरच्या रिसॉर्टमध्येही खाली जंगलाचे उतार असतात, नीट नकाशा पाहिला असतास तर? असतात. मेरिबेलला जा, कुर्शवेलला जा, झाडं भरपूर आहेत. मी पाहिला नव्हता. आणि ती म्हणते, गर्दीचं पण बघ, फ्रान्सच्या शाळांना फेब्रुवारीची सुट्टी तीन गटांत पाळीपाळीने मिळते, त्यामुळे चार आठवडे सगळीकडे गर्दीच, मग निदान लिफ्ट तरी जास्त असलेल्या ठिकाणी जावं. तुझ्या त्या गावात रांगेत उभं राहून राहून पाय गोठतात. गोठतात.

नवऱ्याचं म्हणणं याहून अवघड आहे. तो म्हणतो, "रिसॉर्टने काय केलं होतं? लिफ्ट बंद केली ती बरोबर, माणसाने विचारलं ते बरोबर, खांब जागेवर होते, गस्त वेळेवर आली. तू गाव बदललंस." पुढचं वाक्य तो बोलत नाही. मी त्यावर नेहमी म्हणते की मला माझा स्वभाव माहीत आहे, म्हणूनच जिथे माझ्या "हो"ने फार नुकसान होणार नाही अशी जागा मी निवडली. हे मला पटतं तेव्हा पटतं. काही दिवस नाही पटत.

मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. लाल काय, काळे उतारही तो माझ्या आधी उतरून खाली वाट बघत असतो. सात लिफ्टचा त्याला कंटाळा आलाय, आणि तो खरा आहे. गेल्या महिन्यात जेवताना त्याने स्वतःच तो दिवस काढला. मला वाटत होतं त्याला आकड्यांचा खेळ आठवत असेल, कारण मित्रांना तो तेच सांगायचा. तर म्हणाला, "मला लाल येत नव्हता. पण तू हो म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, येत असेल."

मग त्याने फोनवर एक नकाशा उघडून माझ्यासमोर सरकवला. तीन दऱ्या, पुष्कळ लिफ्ट, दोन धारा ओलांडून जाणारे जोड. "या वर्षी?" मी नकाशा मोठा केला आणि झाडं कुठे संपतात ते शोधायला लागले. अजून हो म्हटलेलं नाही.