लघुपट निवडायला शिकवताना

जर्मनीतला ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव १९५४ पासून चालू आहे. १९६२ साली तिथेच २६ तरुण चित्रपटकर्मींनी 'जुना सिनेमा मेला' असं जाहीर केलं. अशा महोत्सवांसाठी समीक्षक आणि क्युरेटर, म्हणजे फिल्म निवडून त्यांचा क्रम लावणारे, घडवायला वेळ द्यावा लागतो.

नवखे समीक्षक सगळ्यात जास्त चुकतात ते गोष्ट सांगत बसण्यात. बारा मिनिटांच्या फिल्मची कथा तीन परिच्छेद खाते आणि कॅमेरा कुठे थांबला, आवाज कधी तुटला, हे राहूनच जातं. म्हणून पहिल्यांदा वही बंद ठेवून बघायला लावा, दुसऱ्यांदा पेन हातात द्या, तिसऱ्यांदा पडदा झाकून फक्त ऐकवा. मग ५०० शब्दांची समीक्षा, त्यात कथेला दोनच वाक्यं.

क्युरेशन मात्र थिएटरात बसूनच शिकता येतं. ८० मिनिटांच्या कार्यक्रमासाठी पाच-सहा फिल्म निवडायला सांगा. 'स्थलांतर' हा विषय घेऊन एकाच सुराच्या फिल्म लावल्या की तिसऱ्या फिल्मपासून प्रेक्षक थकतो. त्याच फिल्म क्रम बदलून पुन्हा बघा, फरक अंगावर येतो. पंचवीस मिनिटांची जड फिल्म सुरुवातीला नको. तिच्यानंतर आठ-दहा सेकंदांचा काळोख हवाच, तो फार मोलाचा.

प्रत्येक फिल्मचं ध्वनिमिश्रण वेगळं असतं. आवाजाची पातळी आदल्या दिवशी तपासा. फिल्म दाखवण्याचे हक्क बरेचदा दिग्दर्शकाकडे नसून वितरकाकडे असतात, तेव्हा लेखी परवानगी आधी, छापील कार्यक्रमपत्रिका नंतर.