सिंगल एन्ट्रीचा घोळ, पितळी किटली आणि मस्कत : आमच्या क्रूझचा अनुभव

आमच्या लग्नाला ३५ वर्षं झाली तेव्हा मुलाने डोक्यात भरवलं की आता तुम्ही दोघं क्रूझला जाच. तो शारजात असतो त्यामुळे दुबईहून सुटणारी सात रात्रींची ठरली, खसब, मस्कत, सर बनी यास बेट, अबुधाबी आणि परत दुबई, जानेवारी २०२३. जहाज छोटं, सहाशेच्या आसपास माणसं, आणि लक्झरी म्हणजे खाणं, पिणं, टिपा सगळं भाड्यातच. भाडं किती ते विचारू नका, बँकेत ३१ वर्षं काढली तरी तो चेक लिहिताना हात अडखळला. वर पॅकेजवर तेव्हा ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायचे. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं, फक्त एजंटाने तो आपल्या पॅनवर भरलाय का ते टॅक्स स्टेटमेंटमध्ये (तेव्हा २६एएस) बघून घ्या.

आता मुख्य रामायण. एजंटाने ३० दिवसांचा दुबईचा व्हिसा काढून दिला, मी प्रिंट काढून फायलीत लावली, खूश. मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर पाच मिनिटांत फोन, "आई, ह्यावर सिंगल एन्ट्री लिहिलंय." म्हटलं अरे मग, एकदाच तर येतोय. "अगं नाही, जहाज खसबला गेलं की तुम्ही ओमानमध्ये गेलात, यूएईच्या बाहेर. परत अबुधाबीला आलात की ती दुसरी एन्ट्री." एजंटाला विचारलं तर म्हणे, मॅडम तुम्ही जहाजातच असणार ना, कोण बघतंय. हे "कोण बघतंय" मी बँकेत शंभर वेळा ऐकलंय आणि दर वेळी कोणीतरी बघितलेलंच आहे, तेव्हा मी काही ऐकलं नाही. मग पहिला व्हिसा आधी कॅन्सल, तोपर्यंत दुसऱ्याचा अर्ज घेणार नाही म्हणाले, पुन्हा फोटो, पुन्हा फी, आणि ओमानचा ई-व्हिसा वेगळा. मल्टिपल एन्ट्रीवाला हातात पडला तेव्हा निघायला चार दिवस राहिले होते आणि तोवर ह्यांनी माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलेलं, कारण रोज सकाळी उठल्या उठल्या मी ईमेल उघडायचे आणि कुणी चहा विचारला तरी ओरडायचे.

दुबईत मीना रशीद टर्मिनलला चेक-इन. बाजूलाच क्यूई टू, म्हणजे क्वीन एलिझाबेथ टू हे जुनं जहाज, उभी आहे, आता तिचं हॉटेल केलंय, ह्यांनी तिचे एवढे फोटो काढले की आमचं जहाज कुठलं असा प्रश्न पडावा. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला न बघितला आणि थेट व्हिसाचा कागद मागितला, बोटाने "मल्टिपल" शब्द शोधला आणि मगच कार्ड बनवायला घेतलं. आमच्या पुढचं एक कुटुंब बाजूला खुर्च्यांवर बसवलेलं होतं, आजोबा, दोन लहान मुलं, बाबा फोनवर कुणाला तरी हिंदीत जीव तोडून समजावत होता. त्यांचं पुढे काय झालं कळलं नाही. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

मग बॅगा स्कॅनरमधून गेल्या आणि आमची अडकली. ह्यांची किटली! सकाळी पाचला आल्याचा चहा लागतो म्हणून छोटी इलेक्ट्रिक पितळी किटली गुपचूप घातलेली, मला पत्ताच नाही. जहाजावर किटली, इस्त्री असलं तापणारं काही चालत नाही, आगीची भीती. त्यांनी पावती दिली, शेवटच्या दिवशी परत मिळेल म्हणाले. हे एवढं तोंड करून बसले की जणू सोनं जमा केलं. खोली बघितल्यावर थोडे निवळले, बाल्कनी, संगमरवरी बाथरूम, उशांचा मेनू (हो, उशांचा). पण बसतोय न बसतोय तोच भोंगा, सात छोटे आणि एक लांब, म्हणजे इमर्जन्सीची रंगीत तालीम, ती सगळ्यांना करावीच लागते, दांडी मारली की नाव पुकारतात. दुसऱ्या दिवशी चहाचा प्रश्नही सुटला. डायनिंगमधला वेटर मडगावचा निघाला, माझं मराठी ऐकून कोकणीत म्हणाला आंटी कितें जाय, आणि तेव्हापासून रोज पहाटे आलं ठेचून घातलेला चहा खोलीत हजर.

पहिलं बंदर खसब, मुसंदमचं. हा ओमानचाच तुकडा पण मधे यूएई आल्यामुळे बाकीच्या देशापासून तुटलेला, समोर होर्मुझची सामुद्रधुनी. धाऊत, म्हणजे तिकडच्या लाकडी होडीत, गालिचे, लोड, कहवा आणि खजूर, आणि दोन्ही बाजूंनी सरळ पाण्यात उतरलेले उघडे डोंगर, झाड म्हणून नाही. मला आधी भकास वाटलं, सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाला डोंगरावर काहीच नसणं खटकतं. मग धाऊच्या शेजारून डॉल्फिन पळायला लागले आणि मी गप्प झाले. आत टेलिग्राफ आयलंड नावाचं बेट आहे, म्हणजे खडकच. १८६४ साली इंग्रजांनी हिंदुस्थानची तार लंडनला जोडायला आखातात समुद्राखालून केबल टाकली, तिचं ठाणं काही वर्षं इथे होतं. हे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, ते ऐकल्यावर बेटावर उतरूनच राहिले. उन्हाळ्यात त्या खडकावर मोर्स खटखटवत बसणाऱ्या क्लार्कची बदली कुणी केली असेल, पनिशमेंट पोस्टिंगच असणार, असं दिवसभर चाललं होतं.

मस्कतला जहाज रात्रभर थांबलं, मत्रहच्या बंदरात. सकाळी पडदा सरकवला तर समोर पांढरी घरं, मागे काळपट डोंगर, आणि डोंगरावर किल्ला. आम्ही वसईकर, त्यामुळे बुरूज बघितल्या बघितल्या वाटलं हे ओळखीचं आहे. आणि होतंच. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने १५०७ मध्ये मस्कत लुटलं आणि तीनच वर्षांनी गोवा घेतला, तीच माणसं, तीच जहाजं. राजवाड्याच्या दोन बाजूंना जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीजांचे किल्ले, आम्ही बाहेरूनच बघितले. गाइड म्हणाला १६५० मध्ये इमामाने, म्हणजे इथल्या राज्यकर्त्याने, त्यांना हाकललं. ह्यांनी लगेच सांगितलं की आमच्याकडे चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये. गाइड हसून म्हणाला, म्हणजे आम्ही आधी. ह्यांना ते जरा लागलंच. बंदराच्या खडकांवर पांढऱ्या रंगात जुन्या जहाजांची नावं रंगवलेली आहेत, येऊन गेलेल्या खलाशांनी लिहिलेली. आपल्याकडे किल्ल्यावर नावं लिहिली तर मी चिडते, इथे मात्र वाचत बसले.

ग्रँड मशिदीत बायकांना डोकं आणि मनगटापर्यंत हात झाकावे लागतात, माझ्या कुडत्याच्या बाह्या पाऊण, मग अबाया, म्हणजे पायघोळ झगा, भाड्याने. आतला गालिचा २१ टनांचा म्हणे.

माझा जीव मात्र मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, अडकला. गल्लीभर लोबानचा धूर, दुकानदार माझ्यापेक्षा बरं हिंदी बोलणारा, त्याने तीन वाट्या पुढ्यात मांडल्या, पिवळट, पांढरट आणि किंचित हिरवट. खडा बोटात धरून उजेडाकडे करायला सांगितला, हिरवट जितका स्वच्छ तितका भारी, तो तिकडे दक्षिणेला धोफारच्या डोंगरातून येतो. घासाघीस करून रियालवर आलो आणि सुटे म्हणून त्याने बैसे दिले. बैसे! म्हणजे आपले पैसेच, एका रियालचे हजार. नाव ऐकून हसू नका, १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनेच आखातासाठी वेगळे रुपये छापले होते आणि ओमानमध्ये ते १९७० पर्यंत चालले, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला आजोबांच्या पेटीत आहेत. विकत मागितले, दिले नाहीत.

सर बनी यासच्या आधी यूएईचे अधिकारी जहाजावर आले, सगळ्यांना लाउंजमध्ये रांगेत उभं केलं. मी फाइल छातीशी धरून उभी. वीस सेकंद, शिक्का, नेक्स्ट. महिनाभराच्या डोकेदुखीचे वीस सेकंद! बेटावर हरणं बघितली, वाळूत पाय बुडवले, अबुधाबीत मॉल, बस्स.

शेवटच्या रात्री बॅगा रंगीत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी टर्मिनलला मिळतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे कपडे आधी बाजूला काढा, नाहीतर नाइट ड्रेसवर उतरावं लागेल. दुबईला उतरल्यावर जप्त सामानाचं टेबल होतं. सहा इस्त्र्या, चार किटल्या, एक टोस्टर, आणि रांगेत निम्मे आपलेच लोक. ह्यांनी पावती दिली, किटली घेतली, झाकण उघडून आत बघितलं आणि बुडाचा पोचा अंगठ्याने चाचपून म्हणाले, आपलीच आहे.