आमची वाटचाल : तीन लाखांत बसणारी गाडी

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला तेव्हा मारुती ८०० अजून कारखान्यातून बाहेर पडत होती. तपासणी म्हणजे बोनेट उघडायचं, रेस देऊन धूर बघायचा, चारी दारं आपटून आवाज ऐकायचा. मिस्त्रीनं मान डोलावली की भाव ठरला. जानेवारी २०१४ मध्ये ८०० बंद झाली, आणि मान डोलावण्यावर चालणारा धंदाही हळूहळू बंद झाला. आता एका गाडीला दोन तास लागतात आणि तपासणीचा कागद दोन्ही बाजूंनी भरतो. त्यातली एकेक ओळ कधी कायद्यानं, कधी नव्या इंजिनानं आणि कधी पंचगंगेच्या पुरानं घातली आहे.

पहिली ओळ मात्र गाडीबद्दल नाही, पैशाबद्दल आहे. गिऱ्हाईक म्हणतं, तीन लाख आहेत, तीन लाखांची गाडी दाखवा. आम्ही दोन लाख साठ हजारांवर जात नाही. उरलेले चाळीस हजार पहिल्या दोन महिन्यांत जातातच. चार टायर बारा-तेरा हजार, बॅटरी साडेचार, ऑइल-फिल्टर-प्लग-कूलंट-ब्रेक ऑइल मिळून सहा, ब्रेक पॅड आणि लोअर आर्मचे बुश आणखी पाच-सहा, पूर्ण विमा आठ-नऊ, नाव बदलण्याचा खर्च वेगळा. ज्याच्याकडे हे पैसे उरत नाहीत तो झिजलेल्या टायरवरच पावसाळा काढतो.

टायरचं वय बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांत कोरलेलं असतं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी सहा वर्षांपुढचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. गाडीचं रनिंग तीस हजार सांगतात आणि टायर मात्र दुसऱ्या जोडीचे निघतात, तिथं मीटरबद्दलचा पहिला प्रश्न उभा राहतो.

कुठली गाडी घ्यावी याचं आमचं उत्तर गेल्या काही वर्षांत फारसं बदललेलं नाही: छोटं पेट्रोल इंजिन, हाताचा गिअर आणि टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी. काही इंजिनांत तिच्या जागी रबरी पट्टा असतो. २०१० पासून वॅगन-आर आणि आल्टो के१० मध्ये आलेलं मारुतीचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन चेनचं आहे. ह्युंदाई आय१० मध्ये जरा बघून घ्यावं लागतं. १.२ कप्पा इंजिनाला चेन आहे, जुन्या १.१ ला पट्टा. सँट्रो झिंग आणि आल्टो ८०० यांनाही पट्टाच. पट्टा वाईट असतो असं नाही, पण तो बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी चाकी) आणि वॉटर पंपासकट नव्याचा खर्च किमतीतून वजा करतो. बऱ्याच इंजिनांत पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेड उतरवावं लागतं.

डिझेलचा मोह आमच्या भागात जुना आहे. फियाटचं १.३ डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं. एप्रिल २०२० मध्ये धुराचा नवा नियम, बीएस-६, लागू झाला आणि मारुतीनं डिझेल सोडलं. इंजिन दणकट, यात वाद नाही. पण महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला ते परवडत नाही. एक इंजेक्टर किंवा टर्बो गेला की वाचवलेलं इंधन एका बिलात जातं. बीएस-६ डिझेलला धुराची काजळी साठवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी हायवेवर सलग तापावी लागते. घर ते शाळा ते बाजार एवढंच चालवणाऱ्याचा तो तुंबतो. डिझायरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघतो, ती आधी टॅक्सी होती का. पिवळी पाटी काढून खासगी केलेल्या गाडीत डॅशबोर्डखाली स्पीड गव्हर्नरची (वेग अडवणाऱ्या यंत्राची) कापलेली वायर किंवा ब्रॅकेटची भोकं सापडतात. मागची सीट पुढच्या सीटइतकीच दबलेली असते. घरगुती गाडीत असं सहसा दिसत नाही.

सीएनजी असेल तर किट आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) चढवलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबाची चाचणी झालेली हवी. टाकीवरच्या पट्टीवर तारीख असते. पट्टीच नसेल तर आम्ही भाव बोलत नाही.

वर्ष निवडताना आम्ही गिऱ्हाइकाला दोन तारखा सांगतो. एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असतंच. पुढच्या दोन्ही एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीच्या झाल्या. तीन लाखांत बहुधा त्याआधीचीच गाडी बसते, आणि तेव्हा बऱ्याच गाड्यांत दोन्ही एअरबॅग वरच्या किंवा ऐच्छिक व्हेरियंटमध्येच मिळायच्या. म्हणून एक वर्ष जास्त जुनी पण एअरबॅगवाली गाडी आम्ही पुढे करतो, अलॉय व्हीलवाली नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय. बॅग आधी फुटलेली असण्याची शक्यता तिथं मोठी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच, सोबत चिपळूण आणि महाडही. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि सांगाडा लिलावात जातो. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून, सीटकव्हर घालून, दुसऱ्या जिल्ह्यात परत रस्त्यावर येतात. म्हणून या पूरभागांतल्या, म्हणजे एमएच-०९, एमएच-१०, एमएच-०८ आणि एमएच-०६ पासिंगच्या गाडीला आमच्याकडे अर्धा तास जास्त लागतो.

सुरुवात सीटबेल्टपासून. पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. धुणारा माणूस बाहेर दिसणारा भाग धुतो, रिळात गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ तशीच राहते. मग स्टेपनी काढून खालचा खड्डा, मागचा दिवा उतरवून त्याच्या मागची पोकळी. तिथली बारीक माती सहसा कुणी काढत नाही. पुढच्या सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजलेले, पण गाडीचा तळ मात्र चकचकीत काळ्या लेपाखाली, ही जोडी आम्हाला आवडत नाही. कार्पेट उचलून खालचा फोम दाबायचा. पूर ओसरून वर्ष झालं तरी फोमला कुबट वास राहतो. शेवटी डॅशबोर्डखालचे दोन-तीन कनेक्टर सोडवून बघायचे. पितळेवर हिरवट थर चढला असेल तर ती गाडी परत. अशी गाडी सहा महिने नीट चालते. मग एके दिवशी पॉवर विंडो, पुढच्या आठवड्यात स्टिअरिंगची मोटर, त्यानंतर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), असं एकेक सुरू होतं, आणि कुठल्याच मिस्त्रीला शेवट सापडत नाही.

कोकण किनाऱ्यावरच्या आणि गोव्याच्या गाड्यांचा गंज वेगळा. तो खारट हवेचा असतो. शॉकअप बसतो त्या बोनेटखालच्या मनोऱ्यावर, दारांच्या खालच्या कडांवर आणि मागच्या एक्सलवर बघायचा.

अपघाताची तपासणी रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्रानं होते. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. दोनशेच्या पुढे म्हणजे वरून पुन्हा मारलेला, पाचशेच्या पुढे खाली पुटी. एखाद्या दारावर तीनशे आलं म्हणून आम्ही गाडी सोडत नाही, गल्लीबोळात ओरखडे येणारच. छप्पर, ते पेलणारे पिलर आणि बोनेटखालचा एप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा) हे तीन भाग मात्र कंपनीचेच हवेत. एप्रनवरचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे ठरावीक अंतरावर असतात. ते नाहीसे झाले असतील किंवा जोडावर हातानं लावलेलं सीलंट दिसलं तर पुढचा मार मोठा होता. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टांवर पाना फिरल्याच्या खुणा, एकाच काचेवर वेगळी मोहर, ही नंतरची लहान साक्ष.

इंजिन थंड असतानाच बघायचं. आम्ही येण्याआधी मालकानं गाडी 'गरम करून ठेवली' असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जातो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅसकेटचा (इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा) संशय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली तर लगेच घाबरू नये. पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत वाफेनंही ती धरते. खात्री रेडिएटरमध्ये होते, कूलंटवर तेलाचा तवंग किंवा सतत बुडबुडे असतील तर ते खरं. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.५.

स्कॅनर आल्यापासून गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचणं सोपं झालं, आणि पुसणंही. म्हणून आम्ही कोडच्या आधी 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' वाचतो. बहुतेक नव्या गाड्या ते सांगतात. तिथं सहा किलोमीटर दिसले तर आज सकाळी कुणीतरी बिघाडाचा दिवा विझवून गाडी आणलीय. मीटर मागे घेतलंय का, हे अधिकृत वर्कशॉपच्या नोंदींवरून कळतं. नोंदी नसतील तर क्लचच्या पॅडलचं रबर आणि स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली बाजू बघायची. चाळीस हजारांत पॅडल टक्कल पडत नाही.

चालवून बघायला पन्हाळ्याचा चढ पुरतो. चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएम वर गेला आणि वेग तिथंच राहिला तर क्लच संपलाय. उतरताना सपाट पट्ट्यावर ब्रेक दाबून स्टिअरिंग सैल धरायचं, एका बाजूला ओढ लागते का बघायचं. एसी लावून चढताना तापमानाचा काटा हलता कामा नये.

कागदांच्या ओळी सगळ्यांत उशिरा आल्या आणि आता सगळ्यांत जास्त त्याच आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. तेव्हापासून सह्या करून कोरे ठेवलेले नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन गाडी फिरवणं आम्ही बंद केलं. एप्रिल २०२३ पासून आमच्यासारख्यांना आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि मालक गाडी आमच्या ताब्यात देतो त्याची सूचना फॉर्म २९सी नं जाते. विकणाऱ्यानं तो भरला जातोय का हे आमच्याकडेही विचारावं. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरून बँकेचं नाव फॉर्म ३५ नं उतरवावं लागतं.

दिल्लीची गाडी स्वस्त का, हेही लोक विचारतात. तिथं दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवण्यावर बंधनं आली, म्हणून ती बाहेर येते. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर मिळवल्यावर तो स्वस्तपणा बराचसा जिरतो. शिवाय पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवायची फी एप्रिल २०२२ पासून कारला ६०० वरून ५,००० झालीय. बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना ती आजच धरावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि आमचे दोन-तीन वर्षं जुन्या गाड्यांचे भाव एका आठवड्यात खाली आले. आता तसल्या गाडीचा भाव नवीच्या ऑन-रोड किमतीच्या ऐंशी टक्क्यांवर असेल तर आम्ही गिऱ्हाइकाला शोरूमचा रस्ता दाखवतो. आमचं नुकसान होतं, पण तोच माणूस पुढे जुनी गाडी विकायला येतो.

ताबा देताना पावतीवर तारखेसोबत वेळ लिहितो, मिनिटापर्यंत. ई-चलन वेळेवरूनच कुणाचं ते ठरतं. त्याच पावतीवर मीटरचा आकडा आणि दोन्ही किल्ल्यांची नोंद. काचेवरचा जुना फास्टॅग जुन्या मालकासमोर खरवडून काढतो, नाहीतर किणी टोलनाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून जातात. विमा चौदा दिवसांत नव्या नावावर करायला सांगतो. नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, जुन्या मालकाकडे राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक नव्या मालकाला भरावा लागतो. तो आकडा भाव ठरण्याआधीच विचारून घ्यावा.