पांढरा स्तूप, लाल स्तूप

ठाणे, रविवार, रात्र

टीवायच्या मुलांची सहल घेऊन श्रीलंकेहून परतल्यापासून लिहायचं लिहायचं म्हणत होते. आज त्यांचे सहलीचे अहवाल तपासायला घेतले आणि ते बाजूला ठेवून वही उघडली. निम्म्या जणांनी विकिपीडिया उतरवून काढलाय, ते वाचताना जांभया आल्या. बाकीच्यांनी मात्र बसमधलं भांडण लिहिलंय.

भांडण अनुराधपूरचं, म्हणजे श्रीलंकेच्या जुन्या राजधानीतलं. सकाळी आम्ही रुवनवेलिसाय पाहिला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजाने सुरू केलेला हा स्तूप. मधल्या काळात तो पार ढासळला होता, वर झाडी माजली होती. विसाव्या शतकात भाविकांनी देणग्या जमवून तो पुन्हा उभा केला, १९४० साली त्यावर कळस चढला. आज तो पांढराशुभ्र आहे, कुठे ओरखडा नाही. चपला-टोप्या बाहेर काढायच्या. फरशी अशी तापलेली की आमची मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती, आणि शेजारून पांढऱ्या कपड्यांतल्या आज्या हातात कमळं घेऊन संथ चालल्या होत्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हा तिथला नियम. म्हणजे सेल्फी बंद. हा नियम आपल्याकडेही आणावा असं मला मनापासून वाटलं.

एक मुलगा पुटपुटला, ‘‘मॅडम, हे तर कालच रंगवल्यासारखं आहे. यात जुनं काय राहिलं?’’

दुपारी जेतवनाराम. महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधायला घेतलेला, उघड्या विटांचा, लालसर. मूळ उंची सुमारे १२२ मीटर. गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर तेव्हाच्या जगात याहून उंच काही नव्हतं. आता ७१ मीटरच्या आसपास उरलाय. विटा नऊ कोटींहून जास्त असाव्यात असा अंदाज आहे. तिथे शांतता होती. चार-दोन पर्यटक, वानरं आणि आम्ही. मला तो फार आवडला, हे लपवत नाही. वीट दिसते, डागडुजी कुठे झाली तेही दिसतं.

बस सुटली आणि सुरू झालं. अर्ध्या बसचं म्हणणं, जेतवनाराम खरा, सकाळचा म्हणजे डुप्लिकेट. दुसऱ्या अर्ध्या बसचं म्हणणं, स्तूप पूजेसाठी बांधला होता, पूजा जिथे चालू आहे तो खरा, दुसरा नुसता विटांचा ढिगारा. आवाज इतके चढले की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मी पहिल्या बाजूची. तेवढ्यात मागच्या सीटवरून एकीने महावंसातली, म्हणजे श्रीलंकेच्या जुन्या पाली बखरीतली गोष्ट काढली, जी मीच त्यांना वर्गात सांगितली होती. दुट्ठगामणी मरणाला टेकला तेव्हा स्तूप अपुरा होता. भावाने, सद्धातिस्साने, त्यावर पांढरं कापड शिवून चढवलं, रंगाऱ्यांकडून वर नक्षी काढून घेतली आणि राजाला दाखवलं, झाला बघ पुरा. ‘‘मॅडम, म्हणजे बांधणाऱ्याने पाहिला तोसुद्धा खरा नव्हताच की!’’ यावर मी खिडकीबाहेर पाहिलं. काय बोलणार?

हे थोडं विषयांतर, पण महावंसाचा विषय निघालाच आहे तर लिहून ठेवते. सिंहली लोकांचा आद्यपुरुष मानला जाणारा विजय हद्दपार होऊन जहाजातून निघाला आणि लंकेआधी सुप्पारकाला उतरला, असं त्यात आहे. सुप्पारक म्हणजे आपलं सोपारा. तिथे त्याच्या माणसांनी दांडगाई केली, म्हणून पुन्हा जहाजात बसावं लागलं. आमच्या वर्गात एक मुलगी नालासोपाऱ्याची आहे. ती म्हणाली, ‘‘सोपाऱ्याला उतरायला मिळालं हेच खूप झालं.’’ विरार लोकल माहीत असलेले सगळे खिदळले, आमच्या सिंहली गाइडला काही कळेना. तिच्या घराजवळचा ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणजे पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरलेला स्तूप, हे तिला अनुराधपुरात कळलं.

सिगिरियाच्या उंच कातळावर गांधीलमाश्यांच्या धास्तीने सगळे ओळीत, गप्प चढले. असं दृश्य मी कॉलेजात कधी पाहिलं नाही. कश्यप राजाचं पाचव्या शतकातलं हे राजधानीचं ठिकाण. अर्ध्यावर ती आरशाची भिंत. चकाकत्या गिलाव्यावर सहाव्या ते चौदाव्या शतकापर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांनी ओळी कोरून ठेवल्यात, बऱ्याचशा वर रंगवलेल्या सुंदऱ्यांना उद्देशून. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणविताना यांनी त्यातल्या ६८५ कविता उलगडून १९५६ साली छापल्या. आणि याच भिंतीवर २०१५ मध्ये एका तरुणीने नाव कोरलं म्हणून तिला दोन वर्षांची शिक्षा झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफ केलं.

‘‘मग आठव्या शतकातल्यांना किती वर्षं?’’ हा प्रश्न येणारच होता.

मी म्हटलं, ते लोक चित्रांशी बोलत होते, नुसतं नाव लिहिणं म्हणजे मस्टरवर सही. उत्तर बरं होतं, टाळ्याही पडल्या. पण एका अहवालात आज वाचलं: ‘त्या ओळींतही पुष्कळांनी आपलं नाव घातलंच आहे. मॅडमचं उत्तर मला पटलं नाही.’ त्याला दहापैकी नऊ दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.

दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉलबद्दल एवढंच, की पोर्तुगीज, डच, इंग्रज अशा तिघांनी वापरलेल्या त्या किल्ल्यात आजही लोक संसार करतात, तटावर संध्याकाळी फिरायला येतात. पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात तुरुंग आहे, आत जायचं तर गुन्हा करावा लागेल. जेवणाचं वेगळं लिहीन. मालवणच्या मुलाने इंडिआप्पा, म्हणजे तिथल्या तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, पाहून ‘‘हे शिरवाळे!’’ म्हणून ताट दोनदा भरून घेतलं.

निघण्याआधी पालकसभेत एका बाबांनी विचारलं होतं, मुलांनी अजून रायगड धड पाहिला नाही, लंका कशाला? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता वाटतं, रायगडावर ही मुलं भांडली नसती. तिथे ती उत्तरं घरूनच घेऊन जातात, आणि कोणी वेगळं बोललं तर बाकीचे त्याच्याकडे कसे पाहतात ते मी पाहिलंय. अनुराधपुरात कोणाचंच काही दुखावणार नव्हतं, म्हणून तोंडं उघडली. अर्थात दुखावणारे तिथेही होतेच, कमळं घेऊन चालणारे. त्यांना मराठी येत नव्हतं, एवढंच.

पुढचा आठवडा महाशिवरात्रीचा. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांचं, शके ९८२ म्हणजे १०६० सालचं. संरक्षित स्मारक आणि पूजाही चालू. माझा बेत शिवरात्र उलटल्यावर, गर्दी ओसरली की जायचा. शिल्पं नीट दिसतात, भिंतींपाशी उभं राहून बोलता येतं. ग्रुपवर टाकलं तर बसमधली ‘पांढरी’ पार्टी लगेच उठली: मॅडम, रिकामं देऊळ बघणं म्हणजे जेतवनाराम झालं, शिवरात्रीलाच जाऊ. ‘लाल’ पार्टीने लिहिलं, गर्दीत काय डोंबल दिसणार? साठ-सत्तर मेसेज झाले. शेवटी कळवलं: शिवरात्रीला पहाटे पाच, अंबरनाथ स्टेशन, पूर्वेची बाजू. ज्यांना शिल्पंच बघायची आहेत त्यांनी पुढच्या रविवारी माझ्याबरोबर पुन्हा यावं.

अजून बावीस अहवाल तपासायचे आहेत.