भिंतीवरची रेघ आणि घरफाळा

कोल्हापुरात आत्याच्या घरी हॉलच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून आहे, छातीएवढी, दोनदा रंग दिला तरी ओल वर येतेच, आणि २०२१ ला पाणी परत आलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, हे इथं शाळेतली पोरं पण सांगतात. पण नाले रुंद करायला पैसा कुठनं येतो हे कुणी विचारत नाही. महापालिकेकडं घरफाळा, म्हणजे घरपट्टी, न् पाणीपट्टी, त्यातला बराचसा पगारातच जातो, मग पावसाळ्याआधी नालेसफाई तेवढी होते. मोठी कामं राज्य-केंद्राच्या पैशावर. केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या १५ व्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे ८०:२० असे भाग केले, ८० टक्के मदतीला, सावरायला नि तयारीला, २० टक्केच धोका आधीच कमी करायला. मला हे उलटं वाटतं, खरंच. पूररेषाही आखलेल्या आहेत, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या, तरी नदीकाठी भराव पडतोच, आणि ते थांबवायला तर फार पैसाही लागत नाही हो! आत्या अजून जून लागला की गाद्या माळ्यावर चढवते.